खाली काकू राहतात

दिवाळीनंतर आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली आणि दुपारी टीव्हीवर यूट्यूब लावून बसायची सवय तिला मीच लावली, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच कर्माचं. आधी कीर्तनं झाली, मग उपवासाच्या रेसिप्या, आणि मग कुठून कसं कोण जाणे पण गाडी जी अमेरिकेतल्या घरं दाखवणाऱ्या प्रोग्रामवर गेली ती तिथेच रुतली. हाउस हंटर्स. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, एक जोडपं असतं, एक एजंट असतो आणि तीन घरं. नवऱ्याला गावाबाहेर मोठं अंगण पाहिजे, बायकोला ऑफिसच्या जवळ पाहिजे, आणि दोघांनी मिळून आणलेलं बजेट यातल्या कशालाच पुरत नाही. तिन्ही घरं बघतात, नाकं मुरडतात, मग कुठेतरी कॉफी पीत बसून आधी एक घर बाद करतात, मग दुसरं, आणि बावीसेक मिनिटांत निकाल. एचजीटीव्ही या तिकडच्या घरांच्या चॅनलवर १९९९ पासून हे एवढंच चालू आहे आणि लोक बघतायत.

आईला इंग्रजी फार कळत नाही. पण पाच-सहा एपिसोड झाल्यावर ती मध्येच "दोन नंबरचं घेणार बघ" असं म्हणायला लागली, आणि दर वेळी तेच घर. दर वेळी म्हणजे अगदी शंभर टक्के नाही, पण मी आणि नवरा ऐकून-समजून जे गेस मारतो त्याच्यापेक्षा तिचे कितीतरी जास्त बरोबर. शेवटी विचारलं, आई तुला कळतं कसं? तर म्हणाली, "अगं पहिल्या घरात ओट्यावर टोस्टर आहे, फ्रिजवर पोरांची चित्रं चिकटवलीयत. तिसऱ्यात गाद्या घातलेल्या आहेत. मधलं आख्खं रिकामं. रिकामं म्हणजे ह्यांना किल्ली मिळालेली."

मी अवाक. कारण हे खरं आहे! २०१२ मध्ये या शोमध्ये आलेल्या टेक्सासच्या एका बाईंनी सगळं जाहीर सांगून टाकलं होतं. त्यांच्या घराचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत शोवाल्यांनी त्यांना घेतलंच नव्हतं. मग "बघायला" म्हणून जी बाकीची दोन घरं दाखवली ती चक्क त्यांच्या मित्रमंडळींची, विकायला नसलेलीच. बिचाऱ्यांनी आपली घरं आवरून दिली, की शूटिंगला येतायत. आणि मला आवडलेली गोष्ट तर पुढेच आहे, त्या कुटुंबाचा खरा प्लॅन होता जुनं घर भाड्याने द्यायचं आणि नवीन घ्यायचं, पण ही गोष्ट शोवाल्यांना शिळी वाटली, म्हणून "आम्हाला जागा पुरत नाही, मोठं घर हवंय" असं बोलायला लावलं. चॅनलवाल्यांनीही फारसं नाकारलं नाही, आम्ही खरेदीत बरेच पुढे गेलेले लोकच घेतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले.

मला वाटलं आईचा विरस होईल. कसला काय. "मग त्यात काय, कांदेपोहे पण कित्येकदा सगळं ठरल्यावरच होतात की. तरी मुलगी ट्रे घेऊन येतेच ना." आणि परत टीव्हीकडे.

तर मुद्दा असा की निवड खोटी असली तरी भांडणं खरी असतात. निदान आईचं आणि माझं यावर एकमत आहे. भिंतीचा रंग आवडला नाही म्हणून चांगलं तीन बेडरूमचं घर नको म्हणणारा माणूस दर दोन एपिसोडमागे भेटतोच, आणि आई दर वेळी तितक्याच तळमळीने म्हणते, "अरे रंगाचे दोन डबे लागतात, त्याच्यासाठी घर सोडतोस होय!"

इथपर्यंत ठीक होतं. पण मग यूट्यूबने आपणहून नूतनीकरणाचे शो पुढे टाकायला सुरुवात केली आणि नेमका त्याच वेळी आमच्या बाथरूमचा प्रश्न निघाला. म्हणजे आम्ही नाही काढला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काढला. एक दिवस त्या वर आल्या, चहा नको म्हणाल्या (तेव्हाच मला कळायला हवं होतं) आणि म्हणाल्या, "जरा खाली येऊन बघून जा." त्यांच्या बाथरूमच्या छतावर डाग होता, मधोमध ओला, कडेला पिवळा, पापुद्रे सुटलेले. साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.

आता शोमध्ये तोडफोडीचा दिवस म्हणजे सण असतो. फिक्सर अप्पर नावाच्या शोमधला चिप गेन्स तर त्यासाठीच जगतो असं वाटतं, टेक्सासमधल्या वेको गावातली जुनी घरं घ्यायची, गॉगल लावायचा, घण उचलायचा आणि धाडकन भिंतीत. भिंत पडते पण! मला आधी वाटायचं काय ताकद आहे. मग डॅलसला राहणाऱ्या मावसबहिणीने सांगितलं की अगं आतल्या भिंती म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्या आणि दोन्हीकडून अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड, मध्ये पोकळ. साधा फोटो टांगायचा तर आधी आत लाकूड कुठंय ते ठोकून शोधावं लागतं. मग काय, अशी भिंत तर आमची आईसुद्धा पाडेल. आपल्याकडे वीट, त्यावर प्लास्टर, त्यावर पुट्टी, खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो.

त्या वेकोच्याच शोमध्ये शिपलॅपचं वेड लागलं होतं सगळ्यांना. वॉलपेपर खरवडला की खाली आडव्या लाकडी फळ्या निघायच्या आणि चिपची बायको जोआना आनंदाने वेडी व्हायची. गंमत अशी की त्या फळ्या मुळात दाखवायच्या नव्हत्याच, वरून कापड ताणून त्यावर वॉलपेपर चिकटवायचा म्हणून ठोकलेल्या. म्हणजे आपल्याकडे आजोबांनी पोटाला चिमटा काढून भिंतीला गिलावा केला आणि नातू हॉटेल काढताना तोच गिलावा काढून विटा दाखवतो, तसंच. आणि शेवटी घरापुढे लावलेला जुन्या घराचा मोठ्ठा फोटो मधून दुभंगून बाजूला सरकवतात, मालक तोंडावर हात घेऊन रडतात, आत सोफे, कुंड्या, गालिचे, सगळं मॅचिंग. ते सामान बहुतेक त्यांचं नसतं बरं का. शूटिंगपुरतं मांडलेलं, पाहिजे असेल तर वेगळे पैसे द्या, नाहीतर परत जातं. हे आईला सांगितल्यावर मात्र ती खरंच चिडली. "रिकाम्या घरात रडवलं होय त्यांना!"

पण या सगळ्या शोमध्ये एक गोष्ट कधीच नसते आणि ती मला आमचं काम सुरू झाल्यावर कळली. तिथे खाली कोणी राहत नाही. प्रत्येक घर सुटं, चारी बाजूंनी गवत, वर आकाश आणि खाली जमीन. घण मारा, नाचा, कुणाला काय. आमच्याकडे माझी फरशी म्हणजे काकूंचं छत, आणि माझं छत म्हणजे वरच्या आजोबांची फरशी, त्यामुळे पहिला घाव घालायच्या आधी सोसायटीला अर्ज, डिपॉझिटचा चेक, लिफ्टमधून राडारोडा न्यायचा नाही, दुपारी दोन ते चार आवाज बंद (हे पुणं आहे, यावर चर्चा नाही). गवंडी सकाळी साडेदहाला येणार, चहा, तंबाखू, साडेअकराला पहिला ठोका, आणि दोन वाजता घड्याळाकडे बघून शांत. जुनी फरशी, कमोड, पाइप सगळं निघालं, खालचा भराव निघाला, पन्नासच्या वर गोण्या जिन्यातून गेल्या आणि धूळ तर अशी की देवघरातल्या बाळकृष्णाच्या मुकुटापर्यंत. कॉन्ट्रॅक्टर "उद्या शंभर टक्के" म्हणायचा. किती उद्या झाले ते मी कॅलेंडरवर फुल्या मारून मोजले, अकरा.

त्या दिवसांत मी ब्रिटिश लोकांचा ग्रँड डिझाइन्स, म्हणजे स्वतःची घरं बांधणाऱ्यांचा शो, बघायला लागले होते, मनाच्या शांतीसाठी. त्यात निदान खोटं हसू नाही. उत्तर डेव्हनच्या कड्यावर एका माणसाने दीपगृहासारखं घर बांधायला काढलं, ते २०१९ च्या एपिसोडमध्येही अर्धंच उभं होतं, कर्ज लाखो पाउंडात आणि संसारही मोडलेला. शोचा सूत्रधार केव्हिन मॅक्लाउड समुद्राकडे बघत उभा. ते बघितलं आणि आमच्या अकरा उद्यांचं एकदम काहीच वाटेना. त्याच देशात चेंजिंग रूम्स नावाचा जुना शो होता, शेजारी एकमेकांची एक खोली दोन दिवसांत बदलून देणार. एकदा त्यात एका बाईंच्या जुन्या किटल्यांच्या कलेक्शनसाठी हँगिंग शेल्फ केलं, सगळ्या किटल्या त्यावर रचल्या आणि रात्रीतून शेल्फ कोसळलं. हजारो पाउंडांच्या किटल्यांचे तुकडे. डिझायनर बाईंचा चेहरा मी तीनदा पॉज करून बघितला. वाईट आहे मी, माहितीये.

तर आमचं बाथरूम. नवीन पाइप टाकले, कोपरे गोल करून घेतले, वॉटरप्रूफिंगचे कोट झाले, आणि मग मिस्त्रीने नहाणीचं तोंड बोळा कोंबून बंद केलं आणि उंबऱ्याशी विटा लावून आत पाणी भरलं. चांगलं चार बोटं. दोन दिवस तसंच ठेवायचं, खाली गळतंय का बघायचं. दोन दिवस आमच्या घरात एक तळं होतं. पोराने त्यात कागदाची होडी सोडली, आईने "पाय घसरेल कुणाचा तरी" म्हणत दारात पाट आडवा लावला, आणि मी दर दोन तासांनी पेन्सिलीने भिंतीवर केलेली खूण बघायला जात होते. रात्री अडीचलासुद्धा. पाणी एक रेष उतरलं की पोटात गोळा, मग नवरा म्हणायचा अगं वाफ होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो. काकूंनी दार उघडलं, या म्हणाल्या, बाथरूमचा दिवा लावला. त्यांच्या त्या चार बाय सहाच्या जागेत मी, आई, काकू आणि मिस्त्री असे चौघं माना वर करून उभे. श्रीलंका होती तिथेच, पण कडा पांढऱ्या पडलेल्या, खडूसारख्या. काकूंनी बादली पालथी घातली आणि त्यावर चढायला निघाल्या, आईने "अहो, थांबा" म्हणून त्यांचा दंड धरला, मग मिस्त्रीच चढला. त्याने आधी बोटं टेकवली, मग आख्खा पंजा. परत एकदा कोपऱ्यात. काकूंनी टिश्यू पेपर दिला तोही दाबून बघितला, खाली घेतला, चौघांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"कोरडं आहे," मिस्त्री म्हणाला.

काकूंनी टिश्यूची घडी केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं. आता ह्याला रंग कोण देणार?"

आईने मला कोपर मारलं आणि हळूच म्हणाली, "दोन डबे लागतात."