आमच्या गावच्या धरणातला गाळ काढायच्या कामाला आडवी का गेले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाजारात, लग्नात, एसटीत, जो भेटतो तो हेच विचारतो, "काकी, तिकडे चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण फुटून माणसं गेली, तरी तुम्हाला पक्ष्यांचंच पडलंय?"

भरावावरची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावरची, झाडं तोडायला मी कधीच नाही म्हटलं नाही. मातीच्या धरणावर झाड वाढू देऊच नये. मूळ कुजलं की पाण्याला आतून वाट मिळते. २ जुलै २०१९ ला तिवऱ्याचं धरण फुटलं, त्या रात्रीनंतर आमच्याकडे जोराचा पाऊस लागला की कोणीतरी बॅटरी घेऊन भरावाच्या पायथ्याशी जातं. पाझर गढूळ दिसला तर समजायचं, आतली माती वाहतेय. माझंही घर धरणाच्या खालच्याच अंगाला आहे. विचारणारे हे कसं विसरतात?

मी आडवी गेले ती दुसऱ्या टोकाला. ओढा धरणात शिरतो तिथे गाळ साठून पाणथळ झालीय. लव्हाळं, पाणकणसं, अडई बदकं, कमळपक्षी, काठाच्या चिखलात पाणमांजराची पावलं. मे महिन्यात तिथे जेसीबी उतरला. पहिल्याच ढिगाऱ्यात कासव निघालं. मऊ पाठीची ही कासवं पाणी आटलं की चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पावसाची वाट बघतात. बकेटचा दात पाठीत घुसला होता. मी उचललं तेव्हा त्याने डोकं आत ओढलं, मागचे पाय आत घेतले. पाय झाकायला पोटाला दोन पडदे असतात. एक मिटला. दुसरा मिटेना, नुसता थरथरत राहिला. चालवणारा पोरगा खाली उतरून म्हणाला, "माका दिसलाच नाय वो." त्याला कसं दिसणार? मी त्याच चिखलात बकेटसमोर बसले.

गाळ काढला की पाणी वाढतं, हे खरंच. एवढा पाऊस पडूनही एप्रिलात आमच्या विहिरी तळ गाठतात. ग्रामसभेत गाळ काढा म्हणून पूर्वी मीच भांडले होते, आणि ती मागणी मी आजही सोडलेली नाही. पण गाळ मधल्या खोल भागातला काढा, भरावापासून लांब राहून. वरचं टोक खरवडलंत तर लव्हाळ्यात अडकणारी माती थेट खोल पाण्यात जाईल. मग पुन्हा काय काढणार?

सरपंच म्हणतात, मध्ये डंपर रुततो, खर्च दुप्पट होतो, तो कोण देणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही. यंदा मशीन परत येणार म्हणतात. त्या टोकाला आलं तर मी पुन्हा बसेन.