जाळीवरची लव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. "ओ मालक, परत बंद पडला की कॉम्प्युटर. जकार्डची फाईल अर्धीच राहिली बघा." धस्स झालं. तीन आठवड्यांपूर्वी याच मशीनचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मी बदलून दिला होता आणि त्याचे पैसेही घेतले होते.

टॉवेलचा कारखाना. मागे लूमची खडखड, पुढच्या खोलीत डिझाईनचं टेबल, जकार्ड लूमवर विणायच्या नक्षीच्या फाईली तिथे बनतात. बाहेर मे महिन्याचं सोलापूरचं ऊन. फोन करणाऱ्या अण्णांना विचारलं, बंद पडायच्या आधी काय होतं? "आधी नुसतं हळू होतंय, मग बंद. सकाळी काही नाही, जेवणानंतरच." हे मी पहिल्या खेपेलाच विचारायला हवं होतं. प्रोसेसर तापला की आधी आपला वेग उतरवतो, त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद करतो. एसएमपीएस गेला तर सहसा अशी पूर्वसूचना मिळत नाही.

प्रोसेसरचं तापमान पाहिलं, 97 अंश. बाजूची काच काढून ठेवली, बाकी कशालाही हात लावला नाही. पंधरा मिनिटांत आकडा 79 वर आला. म्हणजे प्रोसेसरवरचा कूलर ठीक होता, दोष कॅबिनेटचा, म्हणजे बाहेरच्या डब्याचा होता.

दिसायला ते कॅबिनेट देखणं होतं. बाजूला काच, समोरही काच, काचेमागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे. पण पंख्यांनी हवा ओढायची कुठून? अण्णांच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून समोर धरली. धूर सरळ वर गेला. काचेच्या कडेला नखाएवढी फट होती, तिथेच काय तो धुराचा एक बारीक धागा आत वळला. त्या फटीत चिमटा घातला तर सुताची लव नमद्यासारखी घट्ट बसलेली, अख्खी पट्टीच निघाली. त्यात गुलाबी आणि निळे तंतू होते, मागे लूमवर चाललेल्या टॉवेलांचेच. एसएमपीएसखालची जाळी मागच्या बाजूने ओढायची होती आणि कॅबिनेट भिंतीला टेकलेलं. दोन वर्षांत ती कुणीच ओढली नव्हती.

संध्याकाळी दुकानातून दोन कॅबिनेट घेऊन गेलो, दोन्ही समोरून जाळीचे. पहिल्याचा पत्रा जाड, बांधणी भक्कम, पण धुळीची जाळी चार स्क्रूंनी बसवलेली. लूमशेजारी दर आठवड्याला स्क्रू कोण खोलणार? ते बाजूला ठेवलं. दुसऱ्याचा पत्रा अंगठ्याने दाबला तर लवत होता, ते मला आवडलं नाही. पण समोरचं पॅनेल हाताने निघत होतं आणि आतली जाळी चुंबकाने चिकटलेली होती. कूलरची उंची 155 मिलिमीटर, कॅबिनेटमध्ये जागा 160, म्हणजे बसणार. मदरबोर्डामागे केबलसाठी जेमतेम दोन सेंटीमीटर. चोवीस पिनांची जाड केबल सपाट पसरावी लागली, तेव्हा कुठे मागचं झाकण फुगवटा न येता सरकलं.

अण्णांचा बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान मापाचा, आणि कॅबिनेटमध्ये बोर्ड ज्यांवर बसतो ते पितळी स्टँडऑफ मोठ्या एटीएक्स बोर्डाच्या मापाने लावलेले. जादाचे तीन काढून टाकले. त्यातला एखादा बोर्डाखाली भलत्या जागी टेकला असता तर शॉर्ट होऊन बोर्डच गेला असता.

अण्णांची शंका रास्त होती. "एवढी उघडी जाळी, लव जास्तच जाणार की आत." म्हटलं, लव येणारच, फक्त ती जाळीवर बसली पाहिजे, तुमच्या डोळ्यांसमोर. म्हणून समोर हवा ओढणारे दोन 120 मिलिमीटरचे पंखे लावले आणि मागे बाहेर फेकणारा एकच. आत येणारी हवा जास्त असली की ती बारीकसारीक फटींमधून बाहेर पडते, फटींमधून धूळ आत ओढली जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, तीच फाईल चालू असताना, 80 अंश. एसएमपीएसचे पैसे मी अण्णांना परत केले. ते नको म्हणत होते, पण दोष ओळखण्यात चूक माझीच झाली होती.

पुढच्या आठवड्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून डोकावलो. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होतं आणि अण्णांच्या मदतनीस पोराने धुतलेली जाळी टॉवेलांच्या शेजारी दोरीवर वाळत घातली होती.