तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही स्टेनमार्कच का?

"शिफ्रिनने शंभरी गाठली, तरी तुमच्या तोंडी अजून स्टेनमार्कच कसा?"

स्कीच्या शर्यती सुरू झाल्या की दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला हे विचारतंच. आकडे विचारणाऱ्याच्या बाजूने आहेत, हे आधीच मान्य करतो. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने वर्ल्ड कपच्या, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतमालिकेच्या, 86 शर्यती जिंकल्या आणि 1989 मध्ये तो थांबला. तो विक्रम 34 वर्षं टिकला. मग अमेरिकेची मिकेला शिफ्रिन आली. 11 मार्च 2023 रोजी तिने 87वी शर्यत जिंकली, तीही स्टेनमार्कच्याच देशात, ओरेच्या उतारावर. फेब्रुवारी 2025 मध्ये इटलीत सेस्त्रियेरेला तिचे शंभर विजय पूर्ण झाले. शिवाय तिने स्लॅलमपासून (काठ्यांमधून झपाझप वळणं घेत उतरायची शर्यत) डाउनहिलपर्यंत (निव्वळ वेगाची शर्यत) सगळ्या प्रकारांत जिंकून दाखवलंय. स्टेनमार्कचे 86 विजय फक्त दोन प्रकारांतले: 46 जायंट स्लॅलमचे (त्यात काठ्या जास्त अंतरावर असतात), 40 स्लॅलमचे. शिफ्रिन आपल्यापेक्षा खूप सरस आहे, असं त्याने स्वतःच सांगितलंय.

मोठं कोण हा वाद मी घालतच नाही. स्टेनमार्कचं नाव माझ्या तोंडी येतं ते वेगळ्या कारणाने: स्कीवर वळण म्हणजे काय, हे मला त्याच्यामुळे कळलं.

मी स्की शिकायला गेलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती. शिकवणारे गृहस्थ पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावत होते. गेटपाशी, म्हणजे जिला वळसा घालायचा त्या काठीपाशी, पोचल्यावर वळायला घेऊ नका, तोवर वळण संपत आलेलं असलं पाहिजे. मला ते कानांनी कळायचं, पायांना कळायचं नाही. पाय काठीच्या शेजारी येईपर्यंत थांबायचे, मग एकदम जोर लावायचे, आणि स्की आडवी होऊन खरडत जायची. बर्फाचा मोठा फवारा उडायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय वेग आहे! प्रत्यक्षात तो फवारा म्हणजे वाया गेलेला वेग. स्की कडेवर उभी राहून स्वतःच्या रेषेत गेली तर बर्फात बारीक चर उमटतो. आडवी गेली तर बर्फ खरवडला जातो आणि ब्रेक लागल्यासारखं होतं.

त्याच दिवसांत मी स्टेनमार्कच्या शर्यतींचं जुनं चित्रीकरण बघितलं. एक तुकडा पुन्हा पुन्हा, अगदी सावकाश चालवून बघितला. डोक्यावर हेल्मेट नाही, साधी लोकरीची टोपी. खांदे जवळजवळ स्थिर, दरीच्या दिशेने. सगळी हालचाल कमरेखाली, गुडघे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातायत. मग मी फक्त फवारा बघायचं ठरवलं. इतरांचा फवारा काठीच्या शेजारी किंवा तिच्या खाली उडत होता. याचा काठीच्या वर, म्हणजे उतारावर काठीच्या अलीकडेच, थोडासाच. म्हणजे काठीपाशी पोचेपर्यंत याचं काम संपलेलं होतं आणि नजर पुढच्या गेटवर होती. माझे शिक्षक आठवडाभर जे सांगत होते ते मला त्या काही सेकंदांत दिसलं.

आणि तेव्हा स्लॅलमच्या काठ्या आजच्यासारख्या बुडाशी लवणाऱ्या नव्हत्या. आज खेळाडू काठी हाताने, नडगीने आडवी करत तिच्यावरूनच जातात. तेव्हा अख्ख्या अंगाने वळसा घालावा लागायचा. इंचभर चुकलं तर काठी खांद्यावर.

हा माणूस आला कुठून? स्वीडनच्या अगदी उत्तरेकडे, लॅपलँडमध्ये, टार्नाबी नावाचं जेमतेम पाचशे वस्तीचं गाव आहे. स्टेनमार्कचा जन्म मार्च 1956 चा. तो वाढला त्या गावात, गावाच्या उतारावर. पुढे स्टिग स्ट्रांड आणि अन्या पेर्सन हे स्कीपटूही तिथूनच आले. एवढ्याशा गावातून इतके जण यावेत, याचं मला अजून नवल वाटतं. डिसेंबर 1974 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने मादोन्ना दी काम्पील्योला पहिली वर्ल्ड कप स्लॅलम जिंकली. मोसमभराच्या गुणांवर वर्ल्ड कपचा एकूण करंडक ठरतो. त्याच मोसमाच्या अखेरच्या शर्यतीआधी ऑस्ट्रियाचा क्लामर, इटलीचा थोएनी आणि हा पोरगा, तिघांचे गुण सारखे होते. शेवटची शर्यत वाल गार्देनाला, दोघे शेजारीशेजारी उतरतात तशी समांतर स्लॅलम. अंतिम फेरीत थोएनीसमोर तो पडला आणि करंडक थोएनीला गेला. पुढची तिन्ही वर्षं, 1976, 77 आणि 78, तो करंडक स्टेनमार्कने कुणाला दिला नाही.

मग नियम बदलला. प्रत्येक प्रकारातले मोजकेच निकाल धरायचे, म्हणजे एकूण करंडक हवा तर डाउनहिलसारख्या वेगाच्या शर्यतीतही उतरलं पाहिजे. 1978-79 च्या मोसमात स्टेनमार्कने 13 शर्यती जिंकल्या. जायंट स्लॅलमच्या दहा झाल्या, दहाच्या दहा त्याच्या. त्यातली यास्नाची शर्यत त्याने 4.06 सेकंदांनी जिंकली. ज्या खेळात शतांश सेकंदावर पदकं ठरतात, तिथे चार सेकंद! एवढं करून एकूण यादीत तो पाचवा. मला विचाराल तर हा नियम अन्यायाचा होता. सर्वांगीण खेळाडू निवडायचा हेतू समजू शकतो, पण 13 विजय पाचव्या जागी बसवणारी मोजणी कुठेतरी चुकलेली असते.

डाउनहिलची त्याला ओढ नव्हती. सप्टेंबर 1979 मध्ये वाल सेनालेसला डाउनहिलच्याच सरावात तो जोरात आपटला, डोक्याला मार बसला. अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडचं ऑलिंपिक तेव्हा पाच महिन्यांवर होतं.

त्या ऑलिंपिकबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम दोन फेऱ्यांत होतात. दुसऱ्या फेरीला मार्ग नव्याने आखतात, दोन्ही वेळांची बेरीज होते. पहिल्या फेरीत मागे पडलेला माणूस दुसऱ्या फेरीत सहसा दोनपैकी एक करतो. घाबरून जपून उतरतो, नाहीतर सगळं पणाला लावतो आणि गेट चुकवून बाद होतो. जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीअखेर स्टेनमार्क तिसरा होता. सुवर्ण त्यालाच मिळालं. 22 फेब्रुवारी 1980, स्लॅलम. पहिल्या फेरीनंतर तो चौथा. सगळ्यांच्या पुढे अमेरिकेचा फिल मेअर, घरच्या डोंगरावर. याच डोंगरावर वर्षभरापूर्वी पडून मेअरचा घोटा मोडला होता, आत धातूची पट्टी आणि स्क्रू घालून तो पुन्हा उभा राहिला होता. तोही असा खेळाडू की त्याच्या विरुद्ध जावंसं वाटू नये.

स्टेनमार्क मेअरच्या आधी उतरला. चित्रीकरणात तुम्हाला कुठेही घाई दिसणार नाही. सकाळी उतरला होता तसाच तो उतरतो, फक्त गेटं अधिक लवकर मागे पडतात. मग खाली उभं राहून वाट बघायची. मेअर उतरला, चांगलाच उतरला, आणि अर्ध्या सेकंदाने मागे राहिला. दोन शर्यती, दोन सुवर्णं, दोन्ही पिछाडीवरून. जोर वाढवून नव्हे, वळणं आणखी थोडी आधी उरकून.

हे कसं जमतं, असं त्याला पत्रकार सारखे विचारत. तो फार कमी बोलायचा. आपल्या लॅपलँडच्या बोलीत त्याने दिलेलं एक उत्तर स्वीडनमध्ये म्हणीसारखं झालंय. त्याचा अर्थ एवढाच, की नुसतं उतरत जायचं. लोकांना ते तुटक वाटायचं. मला ते खरं वाटतं. जे काम काठीच्या वर, नजरेआड होऊन गेलेलं असतं, त्याबद्दल काठीपाशी उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार?

जानेवारी 1981 मध्ये, गुणांसाठी, तो किट्झब्यूएलच्या डाउनहिलमध्ये एकदा उतरला. तिथला तो उतार भल्याभल्यांना घाम फोडतो. नुसता शाबूत खाली आला, बराच मागे. वर्ल्ड कपमध्ये डाउनहिलच्या वाटेला तो पुन्हा गेला नाही. याचा दोष त्याला देणारे मला भेटतात. मी देत नाही. आपलं काम कुठलं आणि कुठलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

1984 च्या सारायेव्हो ऑलिंपिकची सल मात्र माझ्या मनातून जात नाही. जाहिरातीचे पैसे स्कीच्या महासंघामार्फत न घेता थेट स्वतः घेतले, म्हणून त्याला उतरूच दिलं नाही. बाकीच्यांचेही पैसे होतेच, फक्त वाट वेगळी होती. त्याच हिवाळ्यात जायंट स्लॅलमचा वर्ल्ड कप त्याने जिंकला. सारायेव्होत स्लॅलमचं सुवर्ण फिल मेअरला मिळालं, रौप्य त्याच्या जुळ्या भावाला, स्टीव्हला. मेअर बंधूंनी ते कमावलं, त्याबद्दल शंका नाही. पण त्या दिवशी वर, शर्यत सुरू होते त्या गेटात, उभं राहायला हवा होता तो माणूस तिथे नव्हता.

शेवटचा विजय फेब्रुवारी 1989 चा, अ‍ॅस्पेनला, जायंट स्लॅलममध्ये. वय 32, तेहतीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. सगळे मिळून 155 वेळा तो पहिल्या तिघांत आला. अख्खी कारकीर्द त्याने युगोस्लाव्हियात बनणाऱ्या एकाच कंपनीच्या, एलानच्या, स्कीवर काढली.

आता शिफ्रिन. तिची शर्यत मी चुकवत नाही. ओरेला तिने 87वी जिंकली, त्या दिवशीही मी पडद्यासमोर होतो आणि तिच्या बाजूनेच होतो. तीही दुसऱ्या फेरीत घाई करत नाही. पुढच्या वेळी ती स्लॅलमला उतरेल तेव्हा घड्याळाकडे बघू नका. पहिल्या दहा गेटांत फक्त फवारा बघा. काठीच्या वर उडतोय का, ते बघा.