मँचेस्टर : इंदूरच्या गिरणगावातून पाहिलेले

मँचेस्टरला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक फुटबॉलचे मैदान पाहतात, खरेदी करतात आणि पुढे लेक डिस्ट्रिक्टकडे निघून जातात. इंदूरच्या माणसाने तरी तसे करू नये, असे मला मनापासून वाटते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल, स्वदेशी मिल ही नावे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडली आहेत आणि ज्याने अनंत चतुर्दशीच्या रात्री याच गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, जागून पाहिल्या आहेत, त्याला या शहरात पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे कापूस.

सुरुवात शहरातल्या कॅसलफील्ड भागापासून करावी. वर्स्लीच्या खाणींतला कोळसा शहराकडे आणण्यासाठी ब्रिजवॉटरच्या ड्यूकने खोदवलेला कालवा 1761 मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. वाफेच्या इंजिनांनी चालणाऱ्या गिरण्या पुढे शहरातच उभ्या राहू शकल्या, त्यामागे हा स्वस्त कोळसा होता. तेथून चालत काही मिनिटांवर लिव्हरपूल रोडचे स्थानक आहे. 15 सप्टेंबर 1830 रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला, त्याचे हे मँचेस्टरकडचे टोक. आज उभ्या असलेल्या प्रवासी स्थानकांपैकी हे जगातील सर्वांत जुने मानले जाते आणि विज्ञान व उद्योग संग्रहालय याच आवारात आहे. लिव्हरपूलच्या बंदरात उतरलेल्या कापसाच्या गासड्या येथे येत आणि तयार माल याच वाटेने जगभर जाई. शहरातल्याच अँकोट्स भागातील मरे बंधूंच्या गिरण्या 1798 पासून उभ्या राहिल्या. त्यांच्या लाल विटांच्या उंच भिंती रोचडेल कालव्याच्या कडेने आजही सलग दिसतात. आत आता निवासी सदनिका आहेत, त्यामुळे त्या बाहेरूनच पाहाव्यात.

पूर्ण दिवस द्यावा तो मात्र शहराबाहेर, विमानतळाजवळच्या स्टायल गावातील क्वारी बँक गिरणीला. सॅम्युएल ग्रेगने 1784 मध्ये बॉलिन नदीच्या काठी ती उभारली. तेथील विणकाम विभागात जुने यंत्रमाग चालवून दाखवतात. दोन-तीनच माग सुरू झाले, तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मग शेकडो माग एकाच वेळी चालत असताना काय होत असेल, याची कल्पना करता येते. मँचेस्टर ज्या परगण्यात होते त्या लँकेशायरच्या विणकर स्त्रिया त्यामुळे ओठांच्या हालचालींवरून परस्परांचे बोलणे ओळखत. माझे वडील इंदूरच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते आणि घरीसुद्धा ते मोठ्या आवाजात, तोंड ठळकपणे हलवून बोलतात. आम्हा भावंडांना तो त्यांचा स्वभाव वाटत आला होता. स्टायलच्या त्या खोलीत उभा असताना त्याचे कारण मला प्रथमच समजले.

या गिरणीची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ती आपला इतिहास झाकत नाही. अनाथालयांतून आणि गरीब घरांतून आणलेली सुमारे 90 मुले जेथे राहत, ते शिकाऊ कामगारांचे घर पर्यटकांना दाखवले जाते. नऊ-दहा वर्षांची ही मुले दिवसाचे बारा-बारा तास राबत असत. ग्रेग कुटुंबाचा डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमांवर चालणारा मळा होता, हेही तेथे सांगितले जाते.

या कथेतला आपला भाग मात्र आपणच सोबत न्यावा लागतो. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात तेथील कापूस येईनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून कामगारांची उपासमार झाली. त्याच काळात हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पुढे आपल्याकडे गिरण्या वाढू लागल्यावर लँकेशायरच्या आग्रहापुढे झुकून सरकारने 1896 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात गिरणीत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर ठेवला. इतके असूनही 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन या गिरण्यांच्या गावी गेले, तेव्हा विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ सोसणाऱ्या गिरणी कामगार स्त्रियांनी त्यांच्याभोवती आनंदाने गर्दी केली. त्या प्रसंगाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

मँचेस्टरमधील रॉयल एक्स्चेंजच्या भव्य दालनात कापसाचे आणि सुताचे सौदे होत. तो बाजार 1968 मध्ये कायमचा बंद झाला आणि आता तेथे नाट्यगृह आहे. मात्र शेवटच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक त्यांनी वर तसाच राहू दिला आहे.

इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या थकीत रकमेचा प्रश्न सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. त्या जमिनीवर पुढे काय व्हावे, याविषयी शहरात बरेच बोलले जाते. तेथे किंवा दुसऱ्या एखाद्या बंद गिरणीच्या जागेवर एक तरी खाते यंत्रांसह राखावे आणि ते चालवलेल्या माणसांनीच त्याची माहिती द्यावी, असे माझे ठाम मत आहे. कारण ती माणसे आज वृद्ध झाली आहेत आणि यंत्रे भंगारात गेली तरी काम त्यांच्या हातांना अजून आठवते. परतल्यानंतर मी वडिलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आहे. धोटा भरणे, तुटलेला तार शोधून जोडणे आणि नुसत्या आवाजावरून साच्यातला बिघाड ओळखणे, एवढे आतापर्यंत झाले आहे. रात्रपाळीविषयी बोलताना शेजारचे काकाही येऊन बसणार आहेत. ते कताई खात्यात होते.