चुलीवरचे वासे

१८ मे, शनिवार. केळशी.

आज पडवी सोडून सगळं घर उघडं झालं. उन्हं चढायच्या आत कौलं उतरवून अंगणात थप्प्या लावल्या आणि मग मेस्त्री एकेका वाशावर हातोडी मारत फिरले. खणकन वाजला तो ठेवायचा, बद्द वाजला तो काढायचा. ओटीवरचे जवळजवळ सगळे गेले, माजघरावरचे निम्मे. आणि स्वयंपाकघरावरचे, काजळीने माखलेले, दिसायला सगळ्यात वाईट, ते एकजात खणखणीत निघाले.

"वहिनी, ह्यांना धूर मिळालाय. धुराच्या लाकडात किडा बसत नाही," मेस्त्री म्हणाले.

लाकूड सगळीकडे ऐनाचंच, एकाच वेळी चढवलेलं. फरक फक्त खाली काय चाललं होतं त्याचा. सासूबाई गॅस आल्यावरही भात आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच करायच्या. तो धूर कौलांच्या फटींतून बाहेर जायच्या आधी वाशांत मुरायचा, लाकूड कोरडं ठेवायचा. त्या गेल्यापासून घर गणपतीत आणि मे महिन्यात तेवढं उघडतं. पावसात एखादं कौल सरकतं. घरात माणूस असलं तर रात्री ठिबक ऐकू येते, सकाळी आतूनच काठीने ते जागेवर ढकललं की काम झालं. माणूस नसलं की तेच पाणी रिपेवरून, म्हणजे कौलांखालच्या पट्टीवरून, वाशात, वाशातून भिंतीत उतरतं, आणि ओल्या भिंतीवरून वाळवी वर चढते. आमच्या आळीतली किती घरं अशी बसली ते मी पाहिलं आहे. भिंती जांभ्याच्या, भक्कम; आधी आढं, छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, वाकलं, मग घर गेलं.

धाकट्या दिरांचं म्हणणं, आता पत्रेच घाला. त्यांचं कारण खोटं नाही. वानरं कौलांवरून उड्या मारतात आणि दर वर्षी फोडतात. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं तेव्हा इथे काय झालं ते मला आठवतं. पत्रे पाईपासकट उचलून पलीकडच्या वाडीत पडले होते, कापून काढावे लागले. आमची एका पाख्यावरची, म्हणजे छपराच्या एका उतारावरची, कौलं ओळीने घसरली, बाकीची राहिली. फुटली तेवढी बदलली. एक फुटलं तर एकच बदलायचं, हे ज्या छपराला जमतं ते मला सोडवत नाही. शिवाय मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली बसून बघावं.

थप्पी लावताना काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशन या परदेशी मिशनरी संस्थेचा छाप आणि १८६५ हा आकडा दिसला. पोरं खूश, घर दीडशे वर्षांचं म्हणून. तसं नाही. मंगलोरला जेप्पूत मिशनचा कौलांचा कारखाना निघाला त्याचं ते साल. पण पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने मिशनकडून कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले, त्यामुळे हा छाप असलेलं कौल शंभरी ओलांडलेलंच असणार. नेत्रावतीच्या काठची माती, गलबतातून बंदरात आलेली. मेस्त्रींनी एक हातात धरून बोटाने टिचकी मारली. काचेसारखं वाजलं. ती सगळी परत चढणार आहेत, नवी फक्त फुटक्यांच्या जागी.

ठरलं ते असं. ओटी आणि माजघरावर लोखंडी पाईप, वर जुनीच कौलं. ऐनाचा एवढा लांब, सरळ वासा आता मिळणं कठीण, मिळाला तर परवडणं कठीण. खाऱ्या वाऱ्यात लोखंडही सुखाने राहत नाही, म्हणून चढवण्याआधी रेड ऑक्साईडचे दोन हात. स्वयंपाकघराचे वासे मात्र आहेत तसेच राहतील. ते घासून पॉलिश करा असं सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. ती काजळी सासूबाईंच्या चुलीची आहे आणि तिनेच ते लाकूड राखलं आहे. इतर लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावणार आहोत.

मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागायच्या आत कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, बसले पाहिजेत, तसं मेस्त्रींना सांगितलंय.

संध्याकाळी शेजारच्या काकूंना विचारलं, पावसात आमचं घर उघडून आठवड्यातून एकदा चूल पेटवाल का? "पेटवीन की, पण लाकडं तुमची," त्या म्हणाल्या. लाकडं भरपूर आहेत. ओटीचे पोकळ वासे उद्या फोडून गोठ्यात रचायचे, घराच्या भिंतीपासून लांब.