‘पाय घसरून पडले’

अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्व-भरपाईच्या दाव्यांसाठी मी कंत्राटावर वैद्यकीय तपासणी करते. औषधोपचार करायचे नाहीत. फाइल वाचायची, तपासायचं, मत लिहायचं. ते मत काय, हे समोरच्याला सांगायचं नाही.

मंगळवारी आलेले आजोबा 1969 साली व्हिएतनाममध्ये होते. तिथे गेलेल्या सैनिकाला पुढे टाइप 2 मधुमेह झाला, तर तो एजंट ऑरेंजमुळेच, म्हणजे त्या युद्धात अमेरिकी सैन्यानं फवारलेल्या विषारी तणनाशकामुळेच झाला असं 2001पासून नियमच धरून चालतो. त्यांचा मधुमेह मान्य झालेला, त्यानं पायाच्या नसा गेल्या तेही मान्य. दावा होता खुब्याचा. रात्री बाथरूममध्ये पडले आणि हाड मोडलं.

मान्य आजारातून दुसरं दुखणं उद्भवलं किंवा असलेलं बळावलं, तर त्याचीही भरपाई मिळते. खात्री लागत नाही, निम्मी शक्यता पुरते. पारडी समसमान असतील तर कौल सैनिकाला. तरी दावा एकदा फेटाळलेला, कारण इमर्जन्सीच्या कागदावर एक ओळ होती : ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडले.’ आधीच्या तपासनिसानं तेवढीच उचलली. घसरणं हा अपघात, मधुमेहाशी संबंध नाही. दोन ओळींत मत संपलं. मोजे तरी काढायला लावले होते का, याचा अहवालात पत्ता नाही. मला रागच आला.

मी मोजे काढायला लावले. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा असतो. डोळे मिटा, कळलं की ‘हो’ म्हणा, असं सांगितलं. दोन्ही पायांवर सगळ्या जागा झाल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “सुरू केलंत का?”

कंपन जाणवतं का हे पाहायला 128 हर्ट्झचा नादकाटा अंगठ्यावर ठेवला, घोट्यावर ठेवला; गुडघ्याशी आल्यावर म्हणाले, “आता कळतंय.” मग पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे असताना ठीक. मिटल्याबरोबर सगळं अंग कलंडलं, मी धरलं. तळव्यांकडून निरोपच येत नाही, म्हणून हा माणूस डोळ्यांच्या आधारानं उभा राहतो. अंधारात तो आधारही गेला.

“फरशी ओली होती?”

“नाही. पाय टेकला असं वाटलं, टेकलाच नव्हता.”

“मग घसरलो का सांगितलंत?”

“नर्सनं विचारलं, घसरलात का? मी हो म्हटलं.”

माझं माहेर साताऱ्याकडचं, घरोघरी फौजी. दुखणं एका शब्दात उरकून टाकायची ही सवय मी लहानपणापासून पाहिली आहे. त्याच एका शब्दावर पुढे दावा बुडतो, हे त्यांना कोण सांगणार?

मत दीड पान झालं. वय शहात्तर, हाडं ठिसूळ, हेही लिहिलं. लपवून भागत नाही. पण ठिसूळपणानं हाड का मोडलं ते कळतं, माणूस का पडला ते कळत नाही. ‘कारण’ आणि ‘बळावणं’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी दिली. एक सुटलं की फाइल परत येते, आणि तेवढे महिने त्या माणसाचे जातात.

निघताना त्यांनी विचारलं, “डॉक, तुम्हाला पटलं का?”

“अहवाल आजच जाईल, सर,” मी एवढंच म्हणाले. निकाल दुसरे लोक देतात. तो आम्हाला कळवला जात नाही. आजोबा जमिनीवरची नजर न काढता, एकेक पाऊल पाहून टाकत पार्किंगपर्यंत गेले. मी काचेतून बघत होते.