पन्नासच्या नोटेवरचे आजोबा

लेकीने वाढदिवसाच्या पाकिटातून पन्नास डॉलरची नोट काढली, दिव्यासमोर धरली आणि विचारलं, "आई, हे दाढीवाले आजोबा कोण गं?"

मी बोलायच्या आतच जेवायला आलेले एक स्नेही म्हणाले, "युलिसिस ग्रँट. अमेरिकेतलं यादवी युद्ध जिंकला, पण दारुडा होता."

विषय संपला. भात वाढला, लोणचं फिरलं. मला मात्र तो 'पण' रात्रभर टोचत राहिला.

१८५९ साली ग्रँटकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. हो, होता, ते लपवायचं कशाला? घरात पैशाची ओढाताण होती. जोन्सला विकलं असतं तर चांगली रक्कम हातात आली असती. ग्रँटने मात्र कोर्टात कागद करून त्याला मोकळं केलं.

पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, काळ्या माणसांनी मत देऊ नये म्हणून त्यांना मारणाऱ्या 'कू क्लक्स क्लॅन' या गोऱ्यांच्या गुप्त टोळीवर हाच माणूस तुटून पडला. १८७१ मध्ये नवा कायदा केला, साउथ कॅरोलायनात सैन्य उतरवलं, शेकडो जणांना अटक झाली. १८७५ मध्ये हॉटेलं, आगगाड्या, नाटकगृहं सर्वांना खुली करणाऱ्या कायद्यावर सही केली. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली ही कलमं रद्द केली. तसा कायदा पुन्हा यायला १९६४ उजाडलं.

सकाळी दूध पिता पिता लेकीला हे सगळं सांगितलं. तिने नोटेची घडी उलगडली, त्या चेहऱ्याकडे बघितलं.

"मग काल काकांनी हे का नाही सांगितलं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?